दीदीचा टाइम

"त्या बाईले काही सांगायचं नाई म्हणजे? काहून नाई सांगायचं?"

"ताई, हळू बोला. बाहेर सगळे ऐकताहेत."

"ऐकू दे. तीन वर्षं माझं कौतुक ऐकलं न सगळ्याईनं, आता हेही ऐकू दे."

"मी फक्त एवढंच म्हणतोय, रजिस्टर सुधारा. पुढच्या महिन्यापासून वेळ गेटवरून मोजू. मान्य. लेकिन पेशंट के घरवालों को बुलाके बताना, की आप बाहर बैठे रहे और हमने लिखा ही नहीं... ये कौन सी क्वालिटी है?"

"बोलावून नाई राहिली मी. ते स्वतःच येऊन राहिले. गुरुवारी. तीन महिन्याच्या तपासणीले."

"मग तपासणी करा आणि घरी पाठवा."

"आणि तिच्या पोरीनं तिच्या डोक्यावर जो दोष ठेवून देल्ला, तो?"

पुष्करने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो या खासगी दवाखान्याच्या क्वालिटी विभागाचा प्रमुख. वय चौतीस. चौबे कॉलोनीतल्या चार पिढ्या रायपूरला काढलेल्या मराठी घरातला. वाक्य मराठीत सुरू करायचं आणि हिंदीत संपवायचं, ही त्याची सवय. समोर उभी असलेली वनमाला काळमेघ वयाने त्याच्या आईएवढी. स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या पेशंटांचं रजिस्टर तिच्याकडे. खुर्ची रिकामी असूनही ती बसली नव्हती.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"पर्ची नंतर कापायची, हा नियम कोणी आणला होता?"

वनमालाने रिकाम्या खुर्चीची पाठ धरली.

"पोस्टर भी आपका ही है ना? दाराशी अजून लावलेलं आहे. पहले मरीज, फिर पर्ची."

आता मात्र ती बसली.

वनमालाचे वडील गोंदियाकडचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. पोरगी नर्स झाली तेव्हा त्यांनी क्वार्टरच्या सगळ्या ओळीला सांगितलं, आता कोणाला इंजेक्शन लागलं तर आमच्याकडे या. आणि लोक आले. वनमाला अठराव्या वर्षापासून कोणाच्या ना कोणाच्या दंडाला कापूस चोळत आली. पुढे तीस वर्षं वॉर्डात उभी राहिली. मग गुडघे गेले. बसून करायचं काम द्या म्हणाली, तर तिला ते रजिस्टर मिळालं जे कोणालाच नको होतं.

त्यात काय लिहायचं? मेंदूतल्या रक्ताच्या नळीत गुठळी अडकली, की तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ अडखळते. साडेचार तासांच्या आत, मशीनवर मेंदूचा फोटो काढून, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं बरं. म्हणून रजिस्टरातला सगळ्यात मोठा रकाना एकच: पेशंट दवाखान्याच्या दारात आल्यापासून त्याच्या हातात सुई जाईपर्यंत किती मिनिटं लागली? साठच्या आत हवीत. वनमालाने काम हाती घेतलं तेव्हा ती सरासरी चौऱ्याण्णव होती.

तिने पहिले आठ दिवस रजिस्टर उघडलंच नाही. कॅज्युअल्टीच्या दाराशी स्टूल टाकून बसली. तिला जे दिसलं ते तिने मीटिंगमध्ये जसंच्या तसं करून दाखवलं. स्ट्रेचरवरचा पेशंट झाली, मान एका बाजूला टाकली. मग उठून त्याचा मुलगा झाली, पिशवीत आधार कार्ड शोधू लागली. मग पर्चीच्या, म्हणजे नावनोंदणीच्या, खिडकीतला क्लार्क झाली: "पिनकोड बोलिये. पिनकोड नहीं मालूम? किसी से पूछ के आइये."

डॉक्टर हसले. वनमाला हसली नाही.

"माणूस तिथं आडवा पडून हाय, आणि याईले पिनकोड पायजे! आधी माणूस आत घ्या. पर्ची मंग कापा. कुठी पळून चालली का पर्ची?"

झालं. पोस्टर लागलं. पेशंट थेट आत जायला लागले, नातेवाईक मागून कागद करायला लागले. सहा महिन्यांत चौऱ्याण्णवची एकसष्ट झाली. ही एकसष्ट खरी होती, अगदी घामाची होती. हे पुढे कोणी विसरू नये.

पण त्या नियमात एक भोक होतं, आणि ते सगळ्यात आधी वनमालालाच दिसलं होतं. कॉम्प्युटर 'दारात आला' ही वेळ पर्चीवरून उचलायचा. पर्ची पहिली होती तोवर ठीक होतं. आता पर्ची मागून कापायची म्हटल्यावर घड्याळही मागून सुरू होणार. वनमालाने त्यावर उपाय काढला. गेटवर बिसाहू नावाचा गार्ड बसायचा. आत येणाऱ्या प्रत्येक ऑटोचा, गाडीचा नंबर आणि वेळ एका लांब वहीत लिहायचा. रोज दुपारी वनमाला त्या वहीतून वेळ उतरवून घ्यायची आणि रजिस्टरात हाताने भरायची. चार महिने तिने हे केलं.

मग तिचे यजमान अनंतराव यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ती बारा दिवस रजेवर गेली. बदली सिस्टरला वही-बिही कोणी सांगितलं नव्हतं. तिने पर्चीचे आकडे टाकले. महिना निघाला बेचाळीस मिनिटांचा.

वनमाला कामावर परतली, तर तिच्या टेबलावर पेढ्यांचा डबा. पडद्यावर तिचं नाव, त्याखाली ठळक बेचाळीस. पुष्कर स्वतः उठून टाळ्या वाजवत होता. "वनमाला ताई ने कर दिखाया!"

तिला तिथल्या तिथे कळलं होतं. हे बेचाळीस कुठून आले, ते तिला उभ्या उभ्या कळलं होतं. ती म्हणणार होती, थांबा, वही पाहू द्या. म्हणजे तोंड उघडलंही होतं. कोणीतरी त्यात पेढा घातला.

तिने पेढा खाल्ला.

पुढच्या महिन्यात, म्हणजे पुढच्याच, ती वही पाहणार होती. मग गेटवर दुसरा गार्ड होता, त्याचं अक्षर लागत नव्हतं. मग गुडघ्यावर सूज होती आणि गेट लांब होतं. मग सवय झाली.

श्यामकांत बक्षी पंडरी बाजारातल्या कापडाच्या ठोक दुकानात एकतीस वर्षं सेल्समन होते. थान उलगडायचे आणि बोलायचे. त्यांची खरी ख्याती म्हणजे नकला. बस्तरचं गिऱ्हाईक कसं बोलतं, दुर्गचा व्यापारी घासाघीस कशी करतो, मालकाची बायको फोनवर कशी ओरडते. गल्लीत जेवणावळ असली की लोक म्हणायचे, भैया, बस्तरवाला हो जाए. बायको कुसुम मागून म्हणायची, "पुरे आता, लोकं जेवून राहिले न."

तीन महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक झाला. या दवाखान्यात आणलं, इंजेक्शन दिलं, जीव वाचला. उजवी बाजू थोडी सुधारली. बोलणं गेलं.

रजिस्टरात त्यांच्या नावापुढे एकोणतीस मिनिटं. तिमाहीतला सगळ्यात चांगला आकडा.

घरी सोडायच्या दिवशी वनमालाने नेहमीप्रमाणे घरच्यांना समजावून सांगितलं. हैदराबादहून आलेली मुलगी सोनिया वहीत टिपून घेत होती. पोरगी मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची.

"आंटी, सच बताइये. पापा की आवाज़ क्यों गई? कहाँ देर हुई?"

आणि वनमाला म्हणाली होती, आवाजात जरा तोरा होता, आता आठवलं की तिला तो आवाज स्वतःचा वाटत नाही: "बेटा, इथं तर उशीर झालाच नाई. आमच्याकडे एकोणतीस मिनिटं लागली, एकोणतीस. एवढं लवकर तर मोठ्या मोठ्या शहरात नाई होत. घरी वेळ गेला. पुढच्या बारी असं काही दिसलं की घरी बसून राहू नका."

कुसुम तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी, औषधांची पिशवी धरून उभी होती.

तीन महिन्यांनी प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करायचा असतो. तोही मोजमापाचाच भाग. माणूस कितपत उभा राहिला त्याचा आकडा द्यायचा: शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे गेला. गेल्या बुधवारी जेवणाआधी वनमालाने फोन लावला.

"श्यामकांतजीच्या घरून बोलून राहिल्या का? मी वनमाला सिस्टर, दवाखान्यातून."

"हाव ताई. मी कुसुम. ओळखलं."

"थोडे प्रश्न विचारायचे होते. चालतात का स्वतःच्या पायानं?"

"चालतात. उजवा पाय ओढतात, पण घरातल्या घरात फिरतात."

"अंघोळ?"

"मी घालते."

"जेवण?"

"डाव्या हातानं. वरण सांडतात, भाजी नाई सांडत."

"बोलणं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत कुसुम थांबली.

"एक शब्द बोलतात."

"कोणता?"

"पन्हा."

"काय म्हणता?"

"पन्हा. कपड्याची रुंदी नाई का ताई, तो पन्हा. पाणी पायजे, पन्हा. टीव्ही लाव, पन्हा. माझ्यावर चिडले तर पन्हा, पन्हा, पन्हा!" तिने तो चिडका आवाज इतका हुबेहूब काढला, की दोघी हसल्या. कुसुम आधी थांबली.

"नकला तर त्याईच्याच होत्या ताई. त्याच्यानंच घात झाला."

"म्हणजे?"

"कोणाले सांगू नका. त्या दिवशी अंघोळ करून आले, शर्टाची गुंडी लागत नव्हती, आणि काहीतरी वेडंवाकडं बोलून राहिले. तोंड तिरपं. मले वाटलं कोणाची नक्कल करून राहिले. मी हसली. मंग चिडली. म्हटलं, पुरे झाली नाटकं, दुकानात उशीर होऊन राहिला. ते पाहत होते माझ्याकडं, ताई. डोळ्यानं सांगून राहिले होते, आणि मी म्हणून राहिली, पुरे झाली नाटकं. वीस-पंचवीस मिनिटं गेली त्याच्यात. मंग ऑटो. सोनियाचं खरंच हाय. ती म्हणते, दवाखान्यानं एकोणतीस मिनिटात केलं, तू घरी पाऊण तास घालवला. आता फोन करते न, तर म्हणते पापाच्या कानाले लाव. माझ्याशी नाई बोलत."

वनमालाने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"तुम्ही नसतं सांगतलं तर तिले कसं कळलं असतं," कुसुम म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "बरं ताई, एक विचारायचं होतं. मी त्याईले पाणी पाजलं, तिथं बाहेर बसलो होतो तेव्हा. लय ठसका लागला. त्याच्यानं तर नाई न बिघडलं काही?"

"बाहेर? कुठी बाहेर?"

"तो उतार नाई का, स्ट्रेचर चढवायचा? त्याच्या बाजूचं बाकडं. तिथं बसवलं होतं आम्हाले. फोटोची मशीन खाली नाई, दुसरा पेशंट आत हाय म्हणाले."

"किती वेळ?"

"घड्याळ कोणी पाहिलं, ताई? एक बाटली संपली. दुसरी समोरच्या दुकानातून आणली."

स्ट्रोकच्या पेशंटला गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हा धडा वनमाला दर महिन्याला नव्या मुलींना शिकवते. श्यामकांत बक्षींच्या पानावर त्या रकान्यात बरोबरची खूण होती. पाण्याआधी तपासणी: केली. खूण तिनेच केलेली होती. सगळ्यांच्याच पानावर ती खूण एका दमात करत असे.

आकड्याच्या जागी तिने चार लिहिले, फोन ठेवला, डबा तसाच ठेवला आणि गेटवर गेली. गेट लांब नव्हतंच.

बिसाहू गेल्या वर्षीच गेटवर परत आला होता. त्याने जुनी वही खुर्चीखालून काढून दिली.

दहा बावन्न. ऑटोचा नंबर. समोर बिसाहूच्या गोल अक्षरात: 'लकवा, बाई साथ में.'

पर्ची अकरा एकतीसची. सुई बारा वाजता. वनमालाने बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर मोजलं. दारात एकोणचाळीस मिनिटं. मग आत एकोणतीस. एकूण अडुसष्ट.

"बिसाहू, याईले बाहेर काहून बसवलं होतं? आत काहून नाई घेतलं?"

"मशीन म दूसर मरीज रिहिस, दीदी."

"मंग पर्ची तर कापायची. नाव तर लिहायचं. डॉक्टरनं येऊन पाहायचं."

जिच्यासाठी एखादी गोष्ट केली तिनेच ती का केली म्हणून विचारावं, तसा बिसाहू तिच्याकडे पाहत राहिला.

"सब कहिथें न दीदी. मशीन खाली होय के पहिली पर्ची झन काटव, दीदी के टाइम खराब हो जाही."

"कोणत्या दीदीचा?"

"तुंहर."

पर्ची कापू नका, दीदीचा टाइम खराब होईल. कोणी हुकूम काढला नव्हता. कागदावर कुठे नव्हतं. कॅज्युअल्टीतल्या पोरींना, क्लार्कला, वॉर्डबॉयला सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की पर्ची कापली की वनमालादीदीचं घड्याळ सुरू होतं, आणि दीदीचं घड्याळ चांगलं निघालं की दीदी खूश असते, आणि दीदी सगळ्यांची लाडकी. मग मशीन रिकामी नसेल, डॉक्टर वर असतील, तर पेशंट बाकड्यावर. सगळी तयारी झाली की मगच पर्ची. पहले मरीज, फिर पर्ची. पोस्टर अगदी त्या बाकड्याच्या वरच होतं.

आणि वनमालाला हे माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही. दिवाळीनंतर एकदा ती त्या उतारावरून जात होती. बाकड्यावर एक म्हातारी आडवी, तिच्या तोंडाला पदर लावलेला. आणि आतून एक पोरगी ओरडली होती, "अरे अभी मत काट, दीदी का टाइम बिगाड़ेगा क्या!" सगळे हसले होते. वनमालाही हसली होती. हसत हसत पुढे गेली होती. म्हातारीचं नाव तिला आजही माहीत नाही.

त्या तिमाहीत इंजेक्शन दिलेले पेशंट सतरा. तिने दोन दिवस बसून सतराही जणांची वेळ गेटच्या वहीशी ताडून पाहिली. अकरा जणांच्या बाबतीत फरक. कागदावरची सरासरी अडतीस मिनिटं प्रत्यक्षात चौसष्ट निघाली. चौऱ्याण्णवपेक्षा कमी, हो. पण एकसष्टपेक्षा जास्त. म्हणजे तीन वर्षांपूर्वी दवाखाना जिथे खरोखर पोचला होता, तिथून मागे आला होता, आणि दर महिन्याला पेढे वाटत होता.

हे सगळं घेऊन ती सोमवारी पुष्करच्या खोलीत गेली होती. तिथेच ते भांडण चाललं होतं.

पोस्टरचं ऐकून खुर्चीत बसलेल्या वनमालाकडे पाहून पुष्कर जरा मऊ झाला. माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतः उठून तिला पाणी दिलं.

"ताई, मी कुठे म्हणतोय लपवा? आकडे दुरुस्त करू. टाइम के लिए जो गोल्ड सर्टिफिकेट मिला है, वो गया तो गया, वर मी उत्तर देतो. बाकडं उद्याच काढून टाकतो. पण त्या बाईंना सांगून काय होणार? नवरा बोलायला लागेल?"

"नाई."

"ती एकोणचाळीस मिनिटं नसती, तर बोलले असते? तुम्ही लिहून देऊ शकता?"

"नाई. कोणीच नाई देऊ शकत. लवकर देऊनही काही जणाईचं बोलणं जाते."

"मग? सांगून फक्त तुम्हाला हलकं वाटेल. बस. उनका क्या? अभी तो एक बात पे रो रही हैं, फिर दो पे रोएँगी."

वनमालाला हे उत्तर येणार हे माहीत नव्हतं. तीन दिवस तिने स्वतःशी जे जे बोलून पाहिलं होतं, त्यात हे नव्हतं. खरंच, ती कोणासाठी सांगणार होती? रात्री झोप यावी म्हणून?

"ती पोरगी आईशी बोलत नाई, पुष्कर," ती शेवटी म्हणाली. "माझा आकडा घेऊन बोलत नाई."

"ते त्यांचं घरचं आहे."

"घरचं नव्हतं. मी नेऊन देल्लं त्याईच्या घरी."

पुष्करने चष्मा घातला. "मी तुम्हाला सांगू नका म्हटलं आहे, एवढं लक्षात ठेवा. मला कोणी विचारलं तर मी हेच सांगीन."

"सांग बाप्पा. खरंच सांग. खरं बोलणं एकानं तरी सुरू करावं."

गुरुवारी अकराच्या सुमाराला ते दोघं आले. कुसुमने श्यामकांतरावांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, सगळ्या गुंड्या लावलेल्या, गळ्याचीसुद्धा. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या कमी केल्या, चालणं छान आहे म्हणाले. मग कुसुम स्वतःहूनच वनमालाच्या खोलीत आली. नवऱ्याला खुर्चीत बसवलं, पिशवीतून नारळ आणि ब्लाउजपीस काढलं.

"ताई, तुमच्यासाठी. याईच्याच दुकानातलं हाय. जीव वाचवला तुम्ही लोकाईनं. पदर पुढं करा."

"थांबा कुसुमताई. आधी बसा."

"आधी घ्या न."

"नाई. आधी ऐका. मंग द्यावंसं वाटलं तर द्या."

कुसुम बसली. नारळ मांडीवर. श्यामकांतराव टेबलावरच्या कापडाकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी ते ओढलं, चिमटीत धरून पाहिलं. "पन्हा," म्हणाले. यावेळी तो शब्द जागेवर पडला, पण तो ऐकायला दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

वनमालाने बोलायची तयारी केली होती. घरी अनंतरावांना समोर बसवून दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मी तुमच्या सोनियाले सांगतलं होतं, आमच्याकडे एकोणतीस मिनिटं लागली. ते खोटं होतं."

"खोटं?"

"तुमचा ऑटो गेटवर आला दहा बावन्नले. सुई लागली बाराले. अडुसष्ट मिनिटं. त्यातली एकोणचाळीस तुम्ही त्या बाकड्यावर होत्या. ती आम्ही मोजलीच नाई."

कुसुमने नवऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, जणू ते बाकडं इथून दिसेल.

"मशीन खाली नव्हती न पण."

"मशीन खाली नसली तरी डॉक्टरनं येऊन पाहायचं असते. सलाइनची सुई टोचून ठेवायची असते, रक्त घ्यायचं असते. दुसरी मशीन पाहायची असते. तुमच्याजवळ कोणी आलंच नाई. पाणी पाजू नका, एवढं सांगायलेही कोणी नाई आलं. आणि कागदावर मी लिहून ठेवलं, तपासलं म्हणून."

"तुम्ही?"

"मी."

"काहून?"

खोलीत पंखा फिरत होता. वनमालाला वाटलं, इथे काहीतरी मोठं कारण सांगता आलं पाहिजे. गर्दी, माणसं कमी, वरचा दबाव. काही नव्हतं.

"माझा टाइम खराब होऊ नये म्हणून थांबवून ठेवत होते लोकं. मी कधी म्हटलं नाई थांबवा म्हणून. पण मले दिसलं होतं. आणि मी कधी म्हटलं नाई, थांबवू नका म्हणून."

कुसुमने मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरला. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं नाई झालं?"

याच प्रश्नासाठी वनमाला इथपर्यंत आली होती. 'नाई' म्हणून टाकावं, एक शब्द, ही बाई आज रात्री झोपेल. पण तीन वर्षं सोयीचा आकडा सांगून झाला होता.

"ते मले नाई सांगता येत. ऑटो धरून घरी पाऊण तास गेला, इथं एकोणचाळीस मिनिटं. बोलणं कोणत्या मिनिटात गेलं, कोणालेच नाई सांगता येत. पण एकट्या तुमच्यामुळं झालं, हे मी सांगतलं होतं, आणि ते खोटं होतं."

"एकोणचाळीस," कुसुम म्हणाली.

"हाव."

"आणि सोनियाले तुम्ही एकोणतीस सांगतले. मी उभी होती तिथं."

"हाव."

"मी मान खाली घालून उभी होती."

"मले दिसत होतं."

वनमालाने टेबलाच्या खणातून कागद काढला. त्यावर तिने स्वच्छ अक्षरात तिन्ही वेळा लिहिल्या होत्या, गेटची, पर्चीची, सुईची, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली होती. तो तिने कुसुमच्या बाजूला सरकवला.

"हे सोनियाले दाखवा. यावर तक्रार करायची असली तर करा, मी नाई म्हणणार नाई. नाईतर मीच तिले फोन करते. जसं तेव्हा सांगतलं, तसं आता सांगते. आत्ता करू का? तुमच्यासमोर?"

कुसुमने कागद उचलला. वाचला की नाही ते कळलं नाही. चार घड्या घालून तो तिने नारळाबरोबर पिशवीत टाकला. मग नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, त्यांच्या मुठीतून कापड हलकेच सोडवून घेतलं.

"कुसुमताई, सांगा न. करू का फोन?"

श्यामकांतरावांचा उजवा पाय उंबऱ्याला अडला. कुसुमने खाली वाकून तो हाताने पलीकडे ठेवला, आणि दोघं बाहेर गेले.